मोजदाद टपालाची, मागणी किल्ल्यांची

आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी चालणाऱ्या एका संस्थेने, जिच्या सेवेत माझ्या आयुष्याचा कर्ता काळ गेला आणि जिच्याविषयीचा आदर आजही माझ्या मनात उणावलेला नाही, आपल्या सर्व सेवकांच्या ईमेल पेट्यांतील पत्रव्यवहाराचे विश्लेषण करून घेण्याचे ठरविले आहे. आणि त्या निर्णयाच्या समर्थनार्थ तिच्या कारभाऱ्यांनी सेवकांत जे निवेदन प्रसृत केले आहे, त्याचा जाहीर प्रतिवाद करणे मी माझे कर्तव्य समजतो. निवेदनाची भाषा सभ्य आहे आणि त्यामागील हेतूविषयी मला संशय नाही. सद्हेतूने केलेल्या चुकीला विरोध करावयास सहसा कोणी पुढे येत नाही आणि त्यामुळे ती दीर्घकाळ टिकते. म्हणून हा प्रतिवाद सविस्तर करणे मला भाग आहे.

निवेदनाचा आशय असा. कोणत्या विभागातून पत्रांना किती विलंबाने उत्तर जाते, कोणाच्या माथी कामाचा भार अधिक आहे, टपाल कोठे अडते, हे समजावे म्हणून बाहेरील एका कंपनीची संगणकीय यंत्रणा जोडली जाईल. ती केवळ आकडे गोळा करील, मजकूर वाचणार नाही. पेट्या संस्थेच्या मालकीच्या असल्यामुळे सेवकांच्या हरकतीस जागा नाही. आणि ज्याच्यापाशी लपविण्याजोगे काही नाही त्याने भिण्याचे प्रयोजन नाही. सोबत स्वाक्षरीसाठी एक संमतिपत्र जोडलेले आहे. त्या संमतिपत्राच्या तळाशी, बारीक अक्षरांत, एक तांत्रिक वाक्य आहे: विश्लेषणासाठी निर्माण केलेल्या खात्यास सर्व्हरवरील सर्व पेट्यांत प्रवेशाचा अधिकार देण्यात येईल, कारण त्यावाचून यंत्रणा चालू शकत नाही. माझा मुख्य वाद या एका वाक्याशी आहे.

जे मान्य करावयास हवे ते प्रथम मोकळेपणाने मान्य करतो. टपाल अडते हे खरे आहे, आणि अडलेल्या टपालाची किंमत यवतमाळ जिल्ह्यात कोणाला मोजावी लागते हे कचेऱ्यांच्या ओसरीवर ताटकळणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस सांगावयास नको. पीककर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज, शिष्यवृत्तीच्या प्रकरणातील त्रुटींची पूर्तता, निवृत्त शिक्षकाच्या वेतननिश्चितीची विचारणा, यांपैकी एखादे पत्र एखाद्या पेटीत पंधरवडाभर पडून राहिले म्हणजे कोणाचा तरी हंगाम किंवा शैक्षणिक वर्ष हातचे जाते. शासकीय सेवकांच्या बदल्यांचे विनियमन करणाऱ्या आणि कामातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या ज्या अधिनियमास महाराष्ट्रात लोक दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणून ओळखतात, त्याने कोणतीही नस्ती सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ एका सेवकाकडे प्रलंबित राहू नये असे बंधन घातले, आणि ते योग्यच केले. विलंब मोजणे म्हणजे सेवकांवर अविश्वास दाखविणे, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

परंतु त्या अधिनियमाच्या अंमलासाठी कोणी कोणाच्या कपाटाच्या किल्ल्या मागितल्या नाहीत. आपल्या कचेऱ्यांत आवक-जावक बारनिशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बारनिशीचा कारकून पत्र आल्याचा दिनांक, पाठविणाराचे नाव, विषय आणि पत्र कोणत्या टेबलाकडे गेले ते लिहितो. संबंधित सेवक आपल्या कार्यविवरण नोंदवहीत त्याची पुढील वाटचाल नोंदवितो. उत्तर गेले की त्यास जावक क्रमांक पडतो. या वह्या शेजारी ठेवून पाहणाऱ्या वरिष्ठास कोणते प्रकरण कोणाकडे किती दिवस थांबले हे सहज उमगते, आणि त्यासाठी त्याला एकही पत्र वाचावे लागत नाही. लखोट्यावर 'गोपनीय' असा शिक्का असला तर बारनिशीने त्याची नोंद केवळ बाहेरील मजकुरावरून घ्यावी आणि ज्याच्या नावे तो आला असेल त्याच्या हाती तो न फोडता द्यावा, हा या दप्तराचा शिरस्ता आहे. मोजणाऱ्याने मोजावे आणि वाचणाऱ्याने वाचावे, ही दोन कामे भिन्न हाती ठेवण्याचे शहाणपण आपल्या कारभाराने संगणक येण्यापूर्वीच संपादन केले होते.

निवेदनकर्त्यांनी, किंवा त्यांस सल्ला देणाऱ्या कंपनीने, जी गोष्ट सेवकांपुढे मांडलीच नाही ती ही की ईमेलचा सर्व्हर अशी बारनिशी आपण होऊन लिहीतच असतो. संस्थेचा ईमेल मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या प्रणालीवर चालतो, आणि त्या प्रणालीत मेसेज ट्रॅकिंग लॉग नावाची नोंद ठेवली जाते. पत्र कोणत्या क्षणी आले, कोणाकडून आले, कोणाकोणास गेले, त्याचे आकारमान किती, ते पोहोचले की अडले, एवढा सर्व तपशील त्या नोंदीत ओळीने उतरतो. पत्राचा मजकूर आणि सोबतची कागदपत्रे तीत येत नाहीत. मूळ मांडणीनुसार ही नोंद तीस दिवस राहते आणि मग आपोआप पुसली जाते. मुदत वाढविण्याची वा घटविण्याची सोय व्यवस्थापकाकडे असते. पत्राचा विषय तीत उतरतो हे खरे. परंतु विषय नोंदवू नये अशी आज्ञा सर्व्हरला एका ओळीत देता येते. कोणत्या विभागाचे टपाल किती, सरासरी उत्तर किती तासांनी जाते, सोमवारी सकाळी भार कोणावर पडतो, हे निवेदनातील बहुतेक सर्व प्रश्न या एका नोंदीवरून सुटतात, आणि ती वाचण्यापुरता मर्यादित अधिकार एखाद्या खात्यास देण्याची तरतूद त्याच प्रणालीत आहे.

आता मागितलेला अधिकार कोणता ते पाहू. त्याचे नाव ॲप्लिकेशन इम्पर्सोनेशन. हा अधिकार ज्या खात्यास मिळतो, त्यास कोणत्याही सेवकाच्या पेटीसमोर तोच सेवक म्हणून उभे राहता येते. सेवकाचा पासवर्ड त्यासाठी लागत नाही आणि सेवकास त्याची वार्ताही पोहोचत नाही. आलेली पत्रे, पाठविलेली पत्रे, अर्धवट लिहून ठेवलेले मसुदे, जोडलेली कागदपत्रे, भेटींची दिनदर्शिका, परिचितांचे पत्ते, हे सर्व त्यास खुले होते. पत्र खोडता येते, हलविता येते, आणि त्या सेवकाच्या नावाने नवे पत्र पाठविताही येते. मर्यादा घातली नाही तर हा अधिकार संस्थेतील यच्चयावत पेट्यांवर चालतो, मग ती शिपायाची असो, प्राचार्यांची असो किंवा स्वतः निवेदनकर्त्यांची असो. अमुक गटातील पेट्यांपुरताच तो चालावा अशी मर्यादा घालणे व्यवस्थापकास सर्वथैव शक्य असते. संमतिपत्रात तशी मर्यादा नाही. टपालाची संख्या मोजण्यासाठी आलेल्या माणसाने प्रत्येकाच्या स्वाक्षरीचा शिक्का मागावा, तसा हा प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल की अधिकार असणे आणि त्याचा दुरुपयोग होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि कंपनी विश्वासू आहे. मी कंपनीच्या विश्वासूपणाची चर्चा करीत नाही, कारण ती अप्रस्तुत आहे. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केले की रशियाच्या शासनाशी संबंधित हल्लेखोरांनी तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या, तसेच सुरक्षा आणि विधी विभागांतील काही सेवकांच्या ईमेल पेट्यांत शिरकाव केला होता. हा शिरकाव नोव्हेंबर २०२३ च्या उत्तरार्धात सुरू झाला आणि १२ जानेवारी २०२४ रोजी लक्षात आला. चाचणीसाठी केव्हातरी उघडलेल्या एका जुन्या खात्याचा पासवर्ड प्रथम हल्लेखोरांच्या हाती लागला. तेथे त्यांना पूर्वी मोठे अधिकार देऊन ठेवलेले एक जुने ॲप्लिकेशन सापडले. आणि त्याच्या आधारे त्यांनी सर्व पेट्यांत प्रवेश देणारा अधिकार मिळविला. जिने ही प्रणाली निर्माण केली आणि जिच्या पदरी तिचे सर्वोत्तम जाणकार आहेत त्या कंपनीची ही गत झाली असेल, तर जिच्या सर्व्हरची देखभाल करणारा तंत्रज्ञ यवतमाळहून गरज पडेल तेव्हा येतो, त्या संस्थेने असा अधिकार देऊन ठेवावा काय, याचा विचार निवेदनकर्त्यांनी केलेला दिसत नाही. शिवाय एक्स्चेंजच्या ऑनलाइन सेवेत हा इम्पर्सोनेशनचा अधिकार नव्याने देणे मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये थांबविण्यास प्रारंभ केला आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत तो तेथून काढून टाकण्याचे जाहीर केले. त्याच्या जागी अधिकाराची व्याप्ती नेमकी आखून देणारी व्यवस्था आणली. संस्थांच्या स्वतःच्या जागेत असलेल्या सर्व्हरवर तो अद्याप देता येतो, आणि आमच्या संस्थेचा सर्व्हर तशा प्रकारचा आहे. जे हत्यार घडविणाऱ्याने स्वतःच्या घरातून उचलून बाजूला ठेवले, ते आपण आज नव्याने विकत घ्यावे, यात प्रगती कोणती?

राहिला प्रश्न 'त्यावाचून यंत्रणा चालू शकत नाही' या विधानाचा. हे विधान असत्य आहे. मायक्रोसॉफ्टच्या नव्या व्यवस्थेत पत्राचा मजकूर, त्याची झलक आणि जोडपत्रे वगळून केवळ मूलभूत तपशील वाचण्याची परवानगी स्वतंत्रपणे देता येते. गूगलच्या कार्यालयीन सेवेतही पत्राचे शीर्षतपशील आणि वर्गीकरणाच्या खुणा एवढेच दाखविणारी, मजकूर न दाखविणारी परवानगी वेगळी ठेवलेली आहे. तेव्हा मजकूर न वाचता मोजणारी साधने निघाली आहेत, आणि ती ज्यांनी काढली त्यांनीच मजकुराची परवानगी अलग काढून ठेवली आहे. एखाद्या कंपनीचे यंत्र तेवढ्यावर चालत नसेल तर तो त्या यंत्राचा दोष आहे, आणि दोषयुक्त यंत्रासाठी संस्थेने आपली दारे रुंद करावयाची की यंत्र परत पाठवावयाचे, हा निर्णय संस्थेचा आहे. कंपनीला संपूर्ण प्रवेश सोयीचा वाटतो याचे कारण मला तरी एकच दिसते: एकदा मोठा अधिकार घेतला की पुढे प्रत्येक नव्या अहवालासाठी पुन्हा विचारावयास यावे लागत नाही. ही सोय कंपनीची आहे, संस्थेची नव्हे आणि सेवकांची तर नव्हेच.

पेट्या संस्थेच्या मालकीच्या आहेत, या युक्तिवादाकडे आता वळतो. पेटीची मालकी आणि पत्राची मालकी यांत भेद आहे, आणि तो भेद परक्या राजवटीनेही पाळला होता. १८९८ च्या टपाल कायद्यान्वये टपालाची सारी वाहतूक सरकारच्या हाती होती, तरीही टपालातील वस्तू अडवून ठेवण्यास सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांचे कारण लागे आणि त्यासाठी लेखी हुकूम व्हावा लागे. स्वातंत्र्यानंतर १९८६ मध्ये त्या अधिकाराची व्याप्ती वाढविणारे विधेयक संसदेच्या दोन्ही सभागृहांत संमत झाले, पण राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यास अनुमती दिली नाही, आणि ते विधेयक कधीच कायदा झाले नाही. टपालवाहकास पत्र उघडण्याचा अधिकार वाहतुकीतून मिळत नाही, हे तत्त्व देशाच्या सर्वोच्च पदावरील व्यक्तीने त्या वेळी जपले. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर, खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ५ सप्टेंबर २०१७ रोजी, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने रुमानियातील बार्बुलेस्कू या सेवकाच्या प्रकरणात मालकाने दिलेल्या साधनावरील पत्रव्यवहारालाही खाजगीपणाचे संरक्षण असते असे ठरविले, आणि सेवकास पूर्वसूचना दिली होती काय, पाळतीची व्याप्ती किती होती, कमी उपद्रवी मार्ग उपलब्ध होता काय, हे प्रश्न विचारल्यावाचून मालकाचे म्हणणे स्वीकारता येत नाही असे बजावले. तो निर्णय आपल्यावर बंधनकारक नाही. पण ते प्रश्न आर्णीतही विचारण्याजोगे आहेत, आणि शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मी वर दिले आहे.

शिवाय पत्राला दोन टोके असतात, याचा निवेदनकर्त्यांना पूर्ण विसर पडला आहे. सेवकाची संमती घेतली, पण त्याला पत्र लिहिणाऱ्याची? मुलीच्या आजाराचे कारण देऊन परीक्षेची सवलत मागणारी आई, कर्जाच्या थकबाकीपायी ज्याची झोप उडाली आहे असा शेतकरी, यांनी त्या कंपनीचे नावही ऐकलेले नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात नोकरीच्या प्रयोजनासाठी व मालकास हानीपासून वाचविण्यासाठी सेवकाची माहिती वापरण्याची मुभा आहे, आणि निवेदनकर्ते तिचा आधार घेतील हे मी जाणतो. परंतु ती मुभा सेवकाच्या माहितीपुरती आहे. पत्रलेखक शेतकरी वा माता ही संस्थेची सेवक नव्हेत. त्याच अधिनियमाने माहितीच्या रक्षणाची वाजवी व्यवस्था ठेवण्याचे दायित्व माहिती धारण करणाऱ्यावर टाकले आहे आणि त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे; बाहेरील कंपनीच्या हातून गळती झाली तरी हे दायित्व संस्थेचेच राहते. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाचे नियम प्रसिद्ध झाले असून त्यांतील मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. म्हणजे संस्थेला आपले घर नीट करण्यास जो अवधी मिळाला आहे, नेमक्या त्याच अवधीत ती आपली सर्व कपाटे उघडून देण्यास निघाली आहे.

केवळ शीर्षतपशील घेतले म्हणजे सर्व भय संपले, असेही मी मानीत नाही, आणि या ठिकाणी माझा मतभेद निवेदनकर्त्यांबरोबरच माझ्या काही सहानुभूतिदार मित्रांशीही आहे. मुंबईतील एखाद्या कचेरीत हजार माणसांच्या सरासरीत एक माणूस दडून जातो. अरुणावतीच्या काठच्या आमच्या गावात तसे होत नाही. येथे एका विभागात तीन कारकून, त्यांतील एक रजेवर. तेव्हा 'विभागाची सरासरी' म्हणून जो आकडा छापला जाईल त्यावर कोणाचे नाव लिहावे हे चहाच्या टपरीवर बसलेला माणूसही सांगू शकेल. लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यान्वये दहा किंवा अधिक सेवक असलेल्या प्रत्येक कार्यस्थळी अंतर्गत तक्रार समिती असणे बंधनकारक आहे, आणि तक्रारदार स्त्रीची ओळख उघड करण्यास त्याच कायद्याने मनाई केली आहे. आता रात्री साडेअकरा वाजता एका सेविकेच्या पेटीतून समितीच्या अध्यक्षांच्या पेटीकडे एक पत्र गेले, दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेली, एवढीच नोंद कोणा व्यवस्थापकाच्या पडद्यावर उमटली, तर मजकुराचे एक अक्षरही न वाचता ती ओळख उघड झालेली असते. संघटनेशी पत्रव्यवहार करणारा शिक्षक किंवा समुपदेशकाशी बोलणारा खचलेला सेवक यांची गोष्टही हीच. नोव्हेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर या सोयीत सेवकांच्या नावानिशी आकडे दिसतात म्हणून जगभर टीका झाली, आणि १ डिसेंबर २०२० रोजी त्या कंपनीने ही नावे काढून टाकण्याचे जाहीर केले. नावे काढणे मोठ्या शहरात पुरेसे असेल. आर्णीत लहान गटांचे आकडे मुळी काढूच नयेत, आणि तक्रार समिती, संघटना व आरोग्य यांच्याशी संबंधित पत्ते मोजणीतून प्रारंभीच वगळावेत.

लपविण्याजोगे काही नसेल तर भय कशाचे, या प्रश्नाला उत्तर देण्यात मी फार शब्द खर्चणार नाही. अमेरिकेतील एन्रॉन कंपनी बुडाल्यानंतर तेथील ऊर्जा नियामक आयोगाने २००३ मध्ये चौकशीच्या निमित्ताने तिच्या सुमारे दीडशे सेवकांची लाखो ईमेल पत्रे सर्वांस खुली केली. त्यांत घोटाळ्याशी सुतराम संबंध नसलेल्या माणसांचे कौटुंबिक कलह, आजार आणि खाजगी व्यवहारही जगापुढे आले, आणि ती पत्रे आजही संशोधकांच्या संगणकांवर फिरत आहेत. त्या माणसांनी कोणताही गुन्हा केलेला नव्हता.

संमतिपत्राविषयी एक गोष्ट निक्षून सांगावयास हवी. ज्या संमतीला नकार देण्याचा मार्ग नाही, जिच्या नकाराची नोंद सेवापुस्तकाच्या जवळपास पोहोचेल अशी धास्ती आहे, ती कायद्यातल्या संमतीच्या व्याख्येत बसत नाही. २०२३ च्या अधिनियमाने संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी असे म्हटले आहे, आणि सर्व पेट्यांत सर्वकाळ प्रवेश यात विशिष्ट असे काहीच नाही. अधिकाराची मर्यादा ओलांडून मिळविलेल्या माहितीचे काय करावे, हेही महाराष्ट्रात ठरून गेले आहे. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, केंद्रीय अन्वेषण विभागाच्या एका प्रकरणात, एका उद्योजकाच्या दूरध्वनीवर पाळत ठेवण्याचे तीन हुकूम रद्द केले, सार्वजनिक आणीबाणी वा सुरक्षितता यांपैकी एकही कारण तेथे नव्हते असे म्हटले, आणि ध्वनिमुद्रित संभाषणे नष्ट करण्याची आज्ञा दिली. आरोप लाचलुचपतीसारखा गंभीर होता, तरीही कायद्याने आखलेली कक्षा मोडता येत नाही असे न्यायालयाने सांगितले. केंद्रीय अन्वेषण विभागास जी कक्षा पाळावी लागली, ती आर्णीतील एका संस्थेच्या कारभाऱ्यांनीही पाळावी, ही अपेक्षा अवास्तव नाही.

कारभाऱ्यांस माझी विनंती आहे की इम्पर्सोनेशनचा अधिकार देऊ नये, आणि कोणी चाचणीदाखल आधीच दिला असेल तर तो आजच्या आज काढावा. मोजणी ट्रॅकिंग लॉगवरून, विषयाची नोंद बंद करून, संस्थेच्याच सर्व्हरवर व्हावी. कंपनीकडे एकत्रित बेरजांपलीकडे काही जाऊ नये. ज्या खात्यातून ही नोंद वाचली जाईल त्याचे नाव, त्याचा अधिकार, तो कोणत्या दिनांकास संपतो आणि त्यावर देखरेख कोणाची, हे सूचनाफलकावर लागावे. त्या खात्याने कोणत्या वेळी काय पाहिले याची सर्व्हरवरील नोंद सेवकांच्या प्रतिनिधीस दर महिन्याला दाखवावी. आणि मूळ नोंदी तीस दिवसांनंतर नष्ट व्हाव्यात, जसे ड वर्गातील कागद आपण मुदत संपताच अभिलेखातून काढून टाकतो. यातील कोणत्याही गोष्टीला अधिक पैसा लागत नाही. जाणकार व्यवस्थापकाचे ते एका दिवसाचे काम आहे.

आणि ज्या सेवकांच्या टेबलावर ते संमतिपत्र स्वाक्षरीच्या प्रतीक्षेत पडले आहे, त्यांना मी सांगतो की वरील तरतुदी त्यात लेखी समाविष्ट होईपर्यंत त्यांनी स्वाक्षरी करू नये, नकाराचे कारण सविनय लिहून द्यावे, आणि त्या पत्राची पोच बारनिशीतून आवक क्रमांकासह घ्यावी.